“जरा कमी कर ना गो”: छोट्या पार्लरमध्ये दराची कुरकुर कशी हाताळायची

दरावरून वाद होतो तो पैसे देताना, पण चूक तासभर आधीच झालेली असते. गिऱ्हाईक आलं, खुर्चीत बसलं, गळ्यात ॲप्रन बांधला, गप्पा सुरू झाल्या आणि दराचा विषय कुणी काढलाच नाही. तिच्या डोक्यात एक आकडा, तुमच्या डोक्यात दुसरा. मग शेवटी “इतके?” आणि तुमचा चेहरा पडतो.

कोकणात दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत बाजारपेठेतल्या एका गाळ्यात किंवा घराच्या पडवीत चालणाऱ्या पार्लरांत त्याच तीन चुका दिसतात. दर न सांगता काम सुरू करणं, कुरकुर कानावर पडताच पन्नास-शंभर सोडून देणं, आणि सोडायचे नसतील तर लाईटबिलाचं रडगाणं गाणं. तिन्हींवर उपाय आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. नुसती उत्तरं पाठ करून उपयोग नाही. स्वतःचा हिशोब माहीत नसेल तर पाठ केलेलं उत्तर देताना आवाज कापतो, आणि समोरच्या बाईला ते लगेच कळतं.

टप्पा १: आधी स्वतःच्या मिनिटाचा दर काढा

एक संध्याकाळ, वही आणि मागच्या वर्षभराची बिलं एवढं पुरे. महिन्याला काहीही झालं तरी जाणारे पैसे लिहून काढा: गाळ्याचं भाडं, लाईट, मदतनीस मुलीचा पगार, टॉवेल धुणं, फोन, खुर्ची किंवा मशीनचा हप्ता. इन्व्हर्टरची बॅटरी आणि गंजणाऱ्या कात्र्या-प्लकर विसरू नका. आपल्याकडच्या खारट, दमट हवेत स्टीलची हत्यारं लवकर जातात, आणि ब्लीच पावडरचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला तर गठ्ठाच होतो. हा खर्च घाटावरच्या पार्लरवालीला तितका नसतो.

समजण्यासाठी आकडे धरू. भाडं ५,०००, लाईट-पाणी १,५००, मदतनीस ७,०००, धुणं-फोन ८००, हप्ता आणि दुरुस्ती १,७००. झाले १६,०००. यात तुमचा स्वतःचा पगार घाला, समजा १४,०००. एकूण ३०,००० रुपये.

आता खुर्ची खरोखर किती तास भरलेली असते ते बघा. दुकान उघडं असण्याचे तास इथे मोजायचे नाहीत. लग्नसराईच्या आणि मे महिन्यासारख्या चार महिन्यांत १४० तास, मधल्या चार महिन्यांत १००, आणि पाऊस-पौषासारख्या मंदीच्या चार महिन्यांत ६०, असं धरलं तर वर्षाची सरासरी महिन्याला १०० तास येते. ३०,००० भागिले १०० म्हणजे तासाला ३०० रुपये, मिनिटाला ५ रुपये.

आता एक फेशियल घ्या. तयारी आणि नंतरची आवराआवर धरून ७० मिनिटं लागतात, म्हणजे ३५० रुपये. वर माल १५० चा. हा झाला ५०० रुपये तळ. तुमचा दर ६०० असेल तर धंद्याकडे उरतात १००. गिऱ्हाइकाच्या एका “जरा बघ ना”वर तुम्ही ५० सोडता तेव्हा सहाशेतले पन्नास जात नाहीत, शंभरातले पन्नास जातात. हे एकदा कागदावर बघितलं की हात आपोआप आखडतो.

हाच हिशोब आयब्रोला लावा. बसवणं, दोरा, आरसा दाखवणं, सुट्टे शोधणं, सगळं मिळून १० मिनिटं, म्हणजे ५० रुपये. दर ४० असेल तर प्रत्येक जोडीमागे तोटा आहे. तरीही तो दर ठेवायला माझी हरकत नाही, कारण आयब्रोसाठी आलेली बाई पुढे फेशियल करते. फक्त तो तोटा तुम्हाला ठाऊक हवा, आणि त्यावर आणखी सूट द्यायची नाही.

तपासा: पार्लर घरातच असेल तरीही भाड्याच्या रकान्यात काहीतरी आकडा घाला. शून्य धरलंत आणि उद्या बाजारपेठेत गाळा घेतलात तर दर एकदम उडी मारेल, आणि ती उडी गिऱ्हाइकाला पटवून देता येणार नाही.

इशारा: फक्त मे महिन्याच्या गर्दीवरून हिशोब करू नका. भरलेले तास ६० वर आले की हाच मिनिटाचा दर ५ वरून सव्वाआठ रुपयांच्याही वर जातो. वर्षाची सरासरी घेतली तरच जुलै तरून निघतो.

टप्पा २: दरपत्रक लिहा, आणि त्यात पळवाट ठेवू नका

दर लिहिलेला नसला की तो चेहरा बघून सांगितला जातो अशी लोकांची समजूत होते. ती बऱ्याचदा खरीही असते. मुंबईची दिसली की वेगळा, वाडीतली दिसली की वेगळा. दोघी एकाच घरातल्या निघाल्या की पंचाईत.

पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात, दारातून आत येताच दिसेल असं लावा. खाली “या तारखेपासून लागू” असं लिहा. त्याचाच फोटो फोनमध्ये ठेवा, कुणी व्हॉट्सॲपवर विचारलं की तोच जाईल. तोंडी आकडा फोनवर सांगितला की दोन दिवसांनी त्यातले शंभर रुपये ऐकणारीच्या आठवणीत गळून पडलेले असतात.

सगळ्यात जास्त भांडणं लावणारा शब्द म्हणजे “पासून”. “स्मूदनिंग ३,००० पासून” असं लिहिलंत की वाचणारीने ३,००० च धरले. कमरेएवढे केस घेऊन ती येते आणि तुम्ही ६,५०० म्हणता. त्याऐवजी खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत, कमरेपर्यंत अशा तीन ओळी लिहा आणि तीन दर द्या. केस दाट असतील तर किती जास्त, तेही तिथेच.

प्रत्येक सेवेखाली अर्ध्या ओळीत काय-काय येतं ते लिहा. क्लीनअप आणि फेशियल यांत फरक काय हे निम्म्या बायकांना माहीत नसतं, आणि विचारायला संकोच वाटतो. मग त्या फक्त आकडे बघतात, आणि मोठा आकडा महाग वाटतो.

विकायला ठेवलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि गिऱ्हाईक ती वस्तू तिथल्या तिथे फोनवर शोधतं. ऑनलाईन स्वस्त मिळत असेल तर वाद घालू नका, “तिथून घेतलीत तरी चालेल” म्हणा. तुमची कमाई हातातल्या कामाची आहे.

टप्पा ३: दर सांगायचा तो हात लावण्याआधी

क्रम असा ठेवा. आधी विचारायचं, मग बघायचं, मग दर सांगायचा, होकार घ्यायचा, आणि मगच ॲप्रन बांधायचा. केसांचं काम असेल तर केस सोडून, लांबी-दाटपणा बघून आकडा सांगा. केस धुतल्यावर “जरा जास्तच दाट आहेत” म्हणणं म्हणजे ओल्या डोक्याच्या बाईला अडवून धरणं. ती तेव्हा हो म्हणेल आणि पुन्हा येणार नाही.

आकडा सांगताना काय मिळणार ते आधी आणि रुपये शेवटी. “काकू, यात स्क्रब, मसाज, पॅक आणि मान-पाठीचा वरचा भाग येतो. तासभर लागेल. सहाशे रुपये.” आणि इथे गप्प बसा. हे सगळ्यात कठीण आहे. दोन क्षणांची शांतता सहन होत नाही म्हणून आपणच बोलून जातो, “पण तुम्हाला करू पाचशेत.” समोरचीने अजून तोंडही उघडलेलं नसतं!

“फक्त सहाशे” म्हणू नका, आणि “सहाशे होतात हं, चालेल ना?” असंही नको. पहिल्यात विकण्याची घाई दिसते, दुसऱ्यात माफी.

मधेच काम वाढलं, म्हणजे फेशियल चालू असताना “अपर लिपपण करून टाक”, तर दोरा हातात घेण्याआधी “त्याचे तीस वेगळे” एवढं म्हणा. ही तीस-चाळीसची भर न सांगता बिलात आली की सगळ्या बिलावरच संशय येतो.

तपासा: मदतनीस मुलीला दर पाठ आहेत का? तुम्ही जेवायला गेलेल्या असताना तिने जुना दर सांगितला तर तोच पाळावा लागेल.

टप्पा ४: कुरकुर कशाची आहे ते ओळखा

सगळ्या हरकती सारख्या नसतात. काही नुसती सवय असते. आपल्याकडे बाई मासळीबाजारात पहिला भाव कधीच मान्य करत नाही, आणि तिथे ते बरोबरही आहे, कारण संध्याकाळपर्यंत बांगडा नरम पडतो आणि त्याच्याबरोबर भावही. तीच जीभ पार्लरमध्ये येते. “इतके पैशे कोण घेता गो?” हे पुष्कळदा नमस्कारासारखं असतं. त्यावर हसून “हो काकू, सहाशेच. करूया ना?” एवढं पुरतं. समजावत बसलात तर नसलेली हरकत तयार होते.

“पलीकडची तीनशेत करते.” पलीकडचीला नावं ठेवू नका. गाव लहान, बोललेलं संध्याकाळच्या आत तिथे पोचतं. तिच्याकडे काय वापरतात हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा त्यावर बोलायचंच नाही. “करत असेल ताई. माझ्याकडे सहाशेत हे-हे येतं.” आणि पत्रकाकडे बोट. ती खरंच तीनशेवाली असेल तर जाईल. जाऊ द्या.

“मुंबईतपण एवढे घेत नाहीत.” गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हे हमखास ऐकू येतं. चाकरमानी आलेले असतात, हरतालिकेच्या आधी सगळ्यांनाच आयब्रो-फेशियल हवं असतं. इथे अनेक जणी चुकतात आणि मुंबईच्या भाड्यापासून कोल्हापूरहून येणाऱ्या मालाच्या पार्सलपर्यंत सगळं सांगत बसतात. गरज नाही. “मिळत असेल वहिनी. इथे माझा दर हा आहे, आणि चारची वेळ मोकळी आहे. लिहू?” माझं निरीक्षण असं की मुंबईहून आलेली बाई बोलते जास्त, पण वेळ घेऊन येणं आणि आधी पैसे देणं तिच्या अंगवळणी असतं. तिला वेळेचं महत्त्व पटतं. आणि त्या आठवड्यात सूट कुणालाच द्यायची नाही, कारण खुर्ची तशीही रिकामी राहणार नसते.

“जीएसटी कमी झाला ना, मग तू का नाही कमी केलंस?” हे नवं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला हे खरं. पण सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. म्हणजे बहुतेक छोट्या पार्लरांनी तो कधी लावलेलाच नव्हता. उत्तर सरळ द्या: “माझ्या बिलात जीएसटी आधीही नव्हता ताई, त्यामुळे कमी करायला काही नाही.” मालाचं म्हणाल तर शाम्पू आणि केसांचं तेल ५ टक्क्यांत आलं, क्रीम आणि मेकअपचं बरंचसं सामान १८ वरच आहे. ज्यांनी दर वाढवताना “जीएसटीमुळे” असं सांगितलं होतं त्या आता अडकल्यात. कराचं नाव तो खरोखर भरत असाल तरच घ्या.

“अगो, आपण भावकीतल्या ना!” इथे सगळ्यात जास्त पैसा गळतो. वाडीत निम्मी माणसं या ना त्या नात्याची, आणि उरलेली माहेरच्या गावची. एक यादी करा, मनात न ठेवता वहीत. आई, सासू, सख्ख्या बहिणी, नणंद, जाऊ, जी कोण असेल ती. त्यांच्याकडून काहीच घेऊ नका. यादीबाहेर पूर्ण दर. अर्धा दर हा प्रकार ठेवूच नका, तो कुणालाच पुरेसा वाटत नाही. नात्यात लग्न असेल तर मेकअपचे पूर्ण पैसे घ्या आणि आहेर वेगळा, हातात द्या. बिलात कापलेले हजार रुपये कुणाच्या लक्षात राहत नाहीत, दिलेली साडी राहते.

“माका परवडना नाय.” हे वेगळ्या आवाजात येतं, हळू, नजर चुकवून. यात घासाघीस नसते. इथे चारचौघींसमोर समजावणं क्रूरपणाचं आहे. पत्रकातली लहान सेवा तिच्यापुढे ठेवा: “मग आज क्लीनअप करूया, तीनशेत होतं, तुमच्या चेहऱ्याला आत्ता तेवढंच पुरे.” ते खरं असेल तरच म्हणा. खरंच गरज असेल, मुलीचा साखरपुडा वगैरे, आणि तुम्हाला मोफत करावंसं वाटलं तर मोफत करा. तो तुमचा दानधर्म. त्याला सूट म्हणू नका.

इशारा: भाडं, लाईटबिल, पोरांची फी ही कारणं गिऱ्हाइकाला सांगू नका. टप्पा १ चा हिशोब तुमचा आवाज स्थिर राहावा म्हणून आहे. तुम्ही खर्च सांगितलात की तीही तिचा सांगते, आणि बोलणी गरीब कोण यावर जातात.

टप्पा ५: कमी करायचंच तर काम कमी करा

दर उतरला तर त्याबरोबर काहीतरी उतरलं पाहिजे. सहाशेचं पाचशेत हवं? “मग मान-पाठीचा मसाज काढूया आणि साधा पॅक लावूया, चालेल?” बऱ्याच जणी म्हणतात, “नको, सगळंच कर.” आणि सहाशे देतात. काही जणी पाचशेचं घेतात, तेही ठीक. तुमची पंधरा मिनिटं वाचली, म्हणजे ७५ रुपये, आणि थोडा माल. मुख्य म्हणजे पहिला दर खोटा ठरला नाही. नुसतं “बरं, पाचशे द्या” म्हटलंत तर ती घरी जाताना असाच विचार करते की मागच्या वेळी शंभर उगाच दिले.

काही गोष्टी कधीच काढायच्या नाहीत. धुतलेला टॉवेल, नवी वॅक्स स्ट्रिप, एकदाच वापरायचं ब्लेड, हत्यारांची स्वच्छता, आणि केसांच्या रंगाआधीची ४८ तासांची त्वचेवरची चाचणी. “चाचणी नको, त्याचे पैसेपण नको, आज लगेच लाव” म्हणणारीला नाही म्हणा. पुरळ उठल्यावर तिने वाचवलेले पैसे कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत.

सूट द्यायचीच तर तिचा नियम आधी ठरलेला हवा. घरी जाऊन करायच्या कामात पाच जणी एकाच घरात, एकाच वेळी असतील तर जाण्यायेण्याचा खर्च एकदाच लागतो. तो वाचलेला खर्च वाटून द्या. “पाच जणी आणते” असं नुसतं म्हणणारीला नाही, पाच जणी बसल्यावर. आषाढात खुर्ची रिकामी असते तेव्हा दर उतरवण्यापेक्षा हेअर स्पाबरोबर आयब्रो असं काही जोडून द्या, आणि कधीपर्यंत ते पाटीवर लिहा. उतरवलेला दर श्रावणात परत वर चढवताना पुन्हा तीच कुरकुर होते.

टप्पा ६: नवरीचं काम

इथे रक्कम मोठी, माणसं जास्त, आणि ठरवणारी एक, पैसे देणारा दुसरा. मुलगी तुमचे फोटो बघून हरखलेली असते. पैसे देणारा भाऊ विरारला असतो आणि त्याला दर लग्नाच्या आदल्या दिवशी कळतो. म्हणून पहिला प्रश्न: “व्यवहाराचं कुणाशी बोलू?” त्या माणसाला फोन करा, आणि बोलणं झाल्यावर सगळं लिहून दोघांनाही पाठवा. नमुना:

“नमस्कार. १२ तारखेच्या लग्नाचं ठरलं ते असं. नवरीचा मेकअप, केशरचना, नऊवारी नेसवणं, दागिने लावणं: ९,००० रु. आई आणि काकू, साडी व केस, प्रत्येकी ८०० रु. गाडी जाऊन-येऊन १,२०० रु. एकूण ११,८०० रु. पहाटे ५ वाजता घरी पोचेन. यात नाही: गजरे व ताजी फुलं, हळदीची तयारी, दुसऱ्या दिवशीच्या पूजेची तयारी. बुकिंगचे ३,००० रु. मिळाले की तारीख पक्की. उरलेले ८,८०० रु. मेकअपला बसण्याआधी.”

“यात नाही” ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे लग्नानंतर नवऱ्याच्या घरी पूजा असते, आणि “ते त्यातच धरलंय ना?” हा प्रश्न मुलगी सासरी पोचल्यावर येतो. गजऱ्यावरूनही रुसवे होतात.

जागा बघून दर द्या. गाडी दारापर्यंत जाते की वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, थांबते? मेकअपची पेटी, दिवा आणि खुर्ची घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची असेल तर बरोबर एक माणूस लागेल, त्याचे पैसे धरा. पहाटे लाईट गेली तर काय, हेही आधीच विचारून ठेवा.

उरलेले पैसे आधी घेण्याचा संकोच सोडा. अंतरपाट धरल्यावर कुणाचे हात मोकळे नसतात, आणि जेवणावळ झाल्यावर पाकीट ज्याच्याकडे असतं तो नेमका पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलेला असतो.

सुतक आलं आणि तारीख पुढे गेली तर? याचं उत्तर आधीच ठरवा आणि त्याच मेसेजमध्ये एका ओळीत लिहा. मला योग्य वाटतं ते असं: सुतकामुळे तारीख बदलली तर बुकिंगचे पैसे नव्या तारखेला पूर्ण धरायचे, तो दिवस तुमचा मोकळा असेल तर. दुसरी पार्लरवाली स्वस्त मिळाली म्हणून रद्द केलं तर परत नाहीत. दुःखाच्या घरात पैशाची बोलणी करायची वेळ येऊ नये म्हणूनच ही ओळ.

“बाकीच्यांचं फुकटात करून टाक, नवरीचे एवढे देतोय ना” ही मागणी येणारच. पहाटे एक नवरी आणि सहा करवल्या म्हणजे दोन माणसांचं काम आहे. एकीचं काहीतरी लहान, केसात फूल माळण्याइतकं, आनंदाने करा. बाकीच्यांचा दर पत्रकाप्रमाणे.

तपासा: मेसेजला “ठीक आहे” असं उत्तर आलंय का? निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे.

टप्पा ७: काम झाल्यावर आलेली हरकत

आधी एकच प्रश्न: “दराबद्दल म्हणताय की कामाबद्दल?” पुष्कळदा काम मनासारखं झालेलं नसतं, पण ते तोंडावर सांगायला जड जातं म्हणून बाई दरावर बोलते. आयब्रो एक जाड एक बारीक झाली असेल, वॅक्समध्ये कडेचे केस राहिले असतील तर पुन्हा बसवा, नीट करा, त्याचे पैसे नाहीत. काम दुरुस्त न करता पैसे कमी केलेत तर ती वाईट आयब्रो घेऊन गावभर फिरेल.

कामात काही नाही आणि दर आधी सांगितला होता: ठाम राहा, आवाज न चढवता. “सुरुवातीलाच सहाशे म्हटलं होतं काकू.” बाकड्यावर बसलेल्या दोघी ऐकत असतात. त्यांच्यासमोर सोडलेले पन्नास रुपये उद्यापासून सगळ्यांचा हक्क होतात.

दर आधी सांगितलाच नव्हता तर चूक तुमची. तिच्या डोक्यातला आकडा विचारा, तो अगदीच अवास्तव नसेल तर आज तेवढेच घ्या आणि पुढच्या वेळचा दर स्पष्ट सांगा. ते शंभर रुपये टप्पा ३ विसरल्याचा दंड समजा.

उधारीवर घसरू नका. “बाकीचे बाजाराच्या दिवशी देते” म्हणजे बऱ्याचदा सूटच असते, फक्त तुम्हाला उशिरा कळते.

टप्पा ८: दर वाढवताना

चार वर्षं न वाढवता एकदम दीडपट करण्यापेक्षा दरवर्षी थोडा वाढवा. वेळ म्हणून मला गुढीपाडवा आवडतो: एप्रिलपासूनचं हिशोबाचं नवं वर्षही त्याच सुमारास सुरू होतं, लग्नसराईचा जोर यायचा असतो. शिमग्यापासूनच दारात पाटी लावा, “पाडव्यापासून नवे दर”, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना तोंडी सांगा. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात वाढवू नका, ती अडवणूक वाटते आणि लोक वर्षभर बोलतात.

ज्या बुकिंगचे पैसे आधी घेतलेत त्यांना जुनाच दर. आणि सगळं एकदम वाढवू नका. टप्पा १ च्या हिशोबात ज्या सेवा तळाला टेकल्यात त्या आधी.

टप्पा ९: वही ठेवा, आणि गेलेल्यांसाठी दार उघडं ठेवा

रोज दोन मिनिटं: कोणत्या सेवेवर कुरकुर झाली, काय म्हणाली, केलं की गेली. तीन महिन्यांनी बघा. एकाच सेवेवर सगळ्या अडत असतील तर दर चुकलाय किंवा पत्रकात ती नीट लिहिलेली नाही. कुठेच कुणी हूं की चूं केलं नसेल तर दर कमी आहेत.

स्वस्तात करून घ्यायला गेलेली काही महिन्यांनी परत येते. टोमणा मारायचा नाही, “तिकडे काय झालं?” विचारायचं नाही. चेहरा लाल, चुरचुरत किंवा सोललेला असेल तर त्या दिवशी काहीच करू नका, तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि त्वचा शांत झाल्यावर बोलवा. तेव्हा दर पत्रकावरचाच.